गुरांच्या पाठीवरची पाखरे

पावसाळ्यात गावाच्या माळावर चरणाऱ्या म्हशींमागे पांढरे बगळे हिंडताना आपण नेहमी पाहतो. एखादी साळुंकी तर खुशाल पाठीवर चढून बसते. "पाखरे गोचीड खातातच, मग औषधाला पैसे कशाला घालवायचे?" असे पुष्कळ शेतकरी विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण पाखरांवर सगळा भार टाकता येत नाही.

गायबगळ्याचे मुख्य खाणे गोचीड नव्हे. गुरे चालू लागली की गवतातून नाकतोडे आणि माश्या उडतात. त्या तो टिपतो. कोतवालही पाठीवरून झेप घेऊन असेच किडे धरतो. साळुंकी व कावळा मात्र अंगावरचे गोचीड चोचीने काढतात.

आफ्रिकेत ऑक्सपेकर नावाचा पक्षी याच कामासाठी प्रसिद्ध आहे. झिंबाब्वेमध्ये गुरांवर त्याची परीक्षा झाली व तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. पक्ष्यांना दूर ठेवलेल्या गुरांवर गोचीड वाढले नव्हते. उलट त्यांच्या जखमा लवकर भरल्या. कारण हा पक्षी जखमेतले रक्तही पितो. आपल्याकडचा कावळाही जुवाने सोललेला बैलाचा खांदा टोचतो. म्हणून जखमी जनावराला उघड्यावर सोडू नये. जखम धुऊन मलम लावावे.

दुसरी गोष्ट गोठ्याची. रक्त पिऊन टम्म झालेली गोचिडाची मादी खाली गळून पडते आणि भिंतीच्या फटीत, दगडाखाली हजारो अंडी घालते. तिथे पाखरू पोचत नाही. तेव्हा फटी लिंपून घ्या, शेण व कचरा रोज काढा. जनावराचे कान, कास व शेपटीखालची जागा हाताने चाचपून पाहा. गोचिडांमुळे थायलेरियाचा ताप येतो आणि संकरित गाय त्यात दगावूही शकते. ताप आला किंवा गळ्याखाली, खांद्यापुढे गाठी दिसल्या, तर त्याच दिवशी पशुवैद्यांना बोलवा.

गोचिडाचे औषधही त्यांनाच विचारून, सांगितलेल्या प्रमाणातच वापरा. दक्षिण आफ्रिकेत पूर्वी गुरांना आर्सेनिकच्या पाण्यातून काढीत. त्या विषाने ऑक्सपेकरही मेले आणि कित्येक भागांतून नाहीसे झाले. उरलेले औषध तळ्यात किंवा ओढ्यात ओतू नका.

माळावरचे किडे पाखरे टिपतील. त्यांना हुसकावू नका. गोठा मात्र आपणच राखायचा आहे.