पानिपतची गोळी आणि सुपा धरण



गणेशोत्सवात आरती झाली, प्रसाद वाटला गेला की मंडपात खुर्च्या गोल लागतात आणि देशाचा कारभार आपल्या हाती येतो. अमका पंतप्रधान झाला असता तर, तमकं युद्ध आणखी आठ दिवस चाललं असतं तर, १९५६ साली आपला कारवार जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला नसता तर! यंदा अशाच रंगलेल्या वादात कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने विचारलं, "काका, तसं झालं असतं तर पुढे नक्की काय झालं असतं?" काकांनी चहा मागवला.

तो मुलगा विज्ञानकथांचा वेडा आहे. आपल्यातले काहीजण त्याला "यानं आणि परग्रहवासी" म्हणून चिडवतात. पण मंडपात आपण जे करतो तेच विज्ञानकथा करते, फक्त जास्त शिस्तीने. याचं चांगलं उदाहरण मराठीतच आहे.

डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती, म्हणजे परीक्षकांनी नाव पाहून नव्हे, तर कथा वाचून ठरवावं. पहिलं बक्षीस मिळालं. पुढे २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजी ते गेले.

त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आपल्या गप्पांच्या अगदी जवळची आहे. (तिचंच इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात घेतलं गेलं. ती मुळात आपल्या भाषेतली आहे हे घरातल्या मुलांना जरूर सांगा.) १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले आणि मराठी फौजेचा धीर सुटला. नारळीकर एवढंच बदलतात: गोळी कानाजवळून निघून जाते. बाकी माणसं, फौजा, काळ सगळं तेच. मग इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर ज्या हिंदुस्थानात जागे होतात, तिथे मराठे जिंकलेले आहेत आणि कंपनीचं राज्य देशभर पसरलेलंच नाही.

इथपर्यंत मंडपातल्या सगळ्यांना गोष्ट आवडेल. पण नारळीकर सोयीचं तेवढंच घेत नाहीत. त्या हिंदुस्थानातही मुंबई कंपनीकडेच आहे आणि दिल्लीला नामधारी बादशहा राहिलेला आहे. आणखी गंमत म्हणजे, सभांचं अध्यक्षपद भूषवण्याची हौस असलेले पंत आझाद मैदानावर रिकामी खुर्ची बघून व्यासपीठावर चढतात, तर लोक त्यांना पिटाळून लावतात. त्या समाजाने सभेला अध्यक्ष नेमायची प्रथाच सोडून दिलेली असते! आपल्या कार्यक्रमांतली भाषणं आठवली की मला ही शिक्षा फार कडक वाटत नाही.

एकाच गोळीने इतकं बदलतं कसं, हेही कथेत सांगितलं आहे. काही क्षणी परिस्थिती कड्याच्या टोकावर असते. तिथे लहानसा धक्का पुरतो. एरवी तेवढ्याच धक्क्याने काहीच होत नाही. म्हणून 'जर' म्हणण्यापूर्वी तो क्षण खरोखरच तसा होता का, हे बघावं लागतं. आपण मंडपात कुठलाही क्षण उचलतो आणि एका माणसावर सगळा देश टांगतो.

आता हेच आपल्या घरच्या गोष्टीला लावून बघू. सुपा धरण झालं नसतं तर? हा प्रश्न आपल्यात चेष्टेचा नाही. काळी आणि पांढरीच्या संगमावरचं जुनं सुपे गाव पाण्याखाली गेलं, रामनगरला नव्याने घरं मांडावी लागली. तेव्हाच्या माणसांसमोर हा विषय निघाला की आवाज चढतात किंवा कोणीतरी उठून जातं. 'देशाला वीज हवी होती' एवढं एका वाक्यात म्हणणारे आणि 'आमचं सगळं गेलं' म्हणणारे, दोघेही तिथेच थांबतात.

एकच गोष्ट बदला: १०१ मीटरची ती भिंत नाही. मग सुप्याचा बाजार जागेवर आहे, शेतं आहेत, देवळं आहेत. तालुक्याची कचेरी जोयड्याला आलेली नाही, म्हणजे आजचं आपलं जोयडा एक छोटं गाव आहे. नागझरीच्या वीजघराला हे साठवलेलं पाणी नाही. गणेशगुडीला धरणातून सोडलेल्या पाण्यावर चालणारं राफ्टिंग नाही, त्यावर उभे राहिलेले होमस्टे नाहीत, त्यात काम करणारी आपलीच मुलं कदाचित पुण्याला किंवा गोव्याला आहेत. आणि वीज दुसऱ्या कुठल्या दरीतून आली असती, तर तिथलं गाव कोणाचं?

मी हे त्या मुलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पण काका, धरण हवंच होतं पण भिंत थोडी कमी उंचीची, असं केलं तर? सुपे वाचतं का?" मला उत्तर देता आलं नाही. रामनगरच्या एका आजोबांना जुन्या गावातली घरं कोणत्या उंचीवर होती ते अजून आठवतं. पुढच्या रविवारी वही घेऊन तो त्यांच्याकडे जाणार आहे.