आधी दरवाजा, मग खोली

दिवाळीचा फराळ संपायच्या आतच घरोघरी सुट्टीच्या बेतांची खलबते सुरू होतात. यंदा ताडोबाला जायचे, यावर सर्वांचे चटकन एकमत होते; खरा वाद पेटतो तो राहायचे कुठे यावर. चिरंजीवांना पोहण्याचा तलाव हवा, यजमानांना स्वस्त खोली हवी, गृहिणीला गरम पाण्याची हमी हवी आणि आजीबाईंना वेळेवर वरणभात मिळाला म्हणजे झाले. अखेर चित्रे पाहून एक खोली ठरते, पैसे भरले जातात आणि मग कोणाला तरी आठवते, की जंगलाचा परवाना काढायचा राहिलाच!

हा क्रम उलटा आहे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ मध्ये दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प उभा राहिला. त्याचा गाभाच सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा. एवढ्या रानाला दरवाजेही अनेक: चंद्रपूरच्या बाजूला मोहर्ली, उत्तरेला कोलारा आणि नवेगाव, शिवाय खुटवंडा, झरी, पांगडी. परवाना मिळतो तो ठरावीक दिवसाचा, ठरावीक फेरीचा आणि ठरावीक दरवाजाचाच. परवाना कोलाऱ्याचा आणि बिऱ्हाड मोहर्लीला, अशी गत झाली, तर पहाटेच्या काळोखात मुलाबाळांसह सबंध जंगलाला बाहेरून वळसा घालण्याची पाळी येते. तेव्हा आधी परवाना, त्यावरून दरवाजा आणि मग त्या दरवाजाजवळची खोली.

दरवाजा निवडताना आपण कोठून येणार ते पाहावे. नागपूरहून मोटारीने उमरेड-चिमूर मार्गे येणाऱ्यांना कोलारा सोयीचा. रेल्वेने चंद्रपूरला उतरणाऱ्यांना मोहर्ली. चंद्रपुरातच राहिले तर दवाखाना, बाजार, खाणावळ सारे हाताशी असते. पण सूर्योदयाच्या फेरीसाठी झोपलेल्या पोरांना उचलून निघावे लागते, आणि उघड्या जिप्सीतली हिवाळ्यातली थंडी पुढे वाट पाहत असतेच. घरात कोणाला औषधपाण्याची वरचेवर गरज लागत असेल, तर हा त्रास सोसूनही शहर बरे. एरवी दरवाजाजवळच दोन रात्री काढाव्यात. एकाच फेरीवर सारी भिस्त ठेवली, की वाघ न दिसल्याचा राग खोलीवर आणि स्वयंपाकावर निघतो! मंगळवारी उद्यान बंद असते आणि पावसाळ्यात गाभा मिटलेला असतो, हेही तारखा ठरवताना ध्यानात असू द्यावे.

पैसे भरण्यापूर्वी दूरध्वनीवरून चार प्रश्न अवश्य विचारावेत. दरवाजा किती मिनिटांवर आहे? खोली तळमजल्यावर मिळेल का? पहाटे चहा आणि गरम पाणी असते का? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: आवाराला कुंपण आहे का? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सरकारी विश्रामगृह असो, खासगी हॉटेल असो वा गावातले घरगुती बिऱ्हाड, वाघ-बिबट्यांना आपल्या नकाशावरच्या रेघा ठाऊक नसतात. अंधार पडल्यावर मुलांना आवाराबाहेर सोडू नये; जेवणघर दूर असेल, तर सोबत घेऊनच जावे.

मुक्काम निवडताना आणखी एक विचार मनात यावा. चंद्रपूर जिल्ह्यात वाघांच्या हल्ल्यांत दरवर्षी माणसे प्राणास मुकतात. कोणी मोहफुले वेचायला गेलेली बाई असते, कोणी गुराखी, कोणी शेतावर राखणीला गेलेला. आपण ज्याला पाहायला हौसेने जातो, त्याच्या शेजारी ही माणसे बारा महिने राहतात. हे शेजारपण त्यांनी टिकवले, तरच वाघ टिकणार. म्हणून दोन जागा सारख्याच सोयीच्या वाटल्या, तर जिथे गावची माणसे कामाला आहेत, गावातले दूध-भाजी चुलीवर येते, किंवा गावकऱ्यानेच आपल्या घरातली खोली दिली आहे, तिथे उतरावे. तलाव नसेल कदाचित. पण आपला पैसा योग्य उंबरठ्यावर पडेल, आणि रात्री अंगणात बसून रानाच्या चार खऱ्या गोष्टी ऐकायला मिळतील, त्या निराळ्याच.