दीडशे टक्क्यांची चव

भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या आणि कापड, कोळंबी, मोटारी बाजूला पडून गप्पा रंगल्या त्या स्कॉचच्या. आयात शुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि मग दहा वर्षांत ४० टक्क्यांवर, हे आकडे एव्हाना पाठ झाले आहेत. पण हे शुल्क बंदरात उतरणाऱ्या मालाच्या किमतीवर लागते, दुकानातल्या छापील किमतीवर नव्हे. त्यावर राज्याचे उत्पादन शुल्क, विक्रीकर आणि मधल्यांचा नफा चढतो, आणि मद्य जीएसटीबाहेर असल्यामुळे तिथे ज्या त्या राज्याची मर्जी. नोव्हेंबर २०२१मध्ये महाराष्ट्राने आयात स्कॉचवरच्या उत्पादन शुल्काचा दर ३०० टक्क्यांवरून १५०वर आणला, तेव्हा काउंटरवरचे भाव उतरले ते मंत्रालयाच्या कृपेने. तेव्हा बाटली किती रुपयांनी स्वस्त होईल हा प्रश्न अर्थ पानावर सोडून देऊ. शुल्क उतरले की चवही उतरेल का, हा प्रश्न जास्त गमतीचा आहे.

प्रश्न वाटतो तितका चावट नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात लोकांना तीच वाइन दोनदा दिली गेली, एकदा ९० डॉलरची म्हणून आणि एकदा १० डॉलरची म्हणून. महाग सांगितलेली त्यांना जास्त आवडली. ते शिष्टाचारापोटी खोटे बोलत होते म्हणावे, तर मेंदूच्या स्कॅनमध्ये सुखाशी निगडित भागही जास्त उजळला होता. म्हणजे किंमत थेट जिभेत उतरते. आपल्याकडे तर दीडशे टक्के शुल्क हा स्कॉचचा एक घटकच होऊन बसला. कायद्याच्या पुस्तकात प्यायला आजही परवाना लागतो अशा महाराष्ट्रात विमानतळावरच्या ड्यूटी-फ्रीची बाटली शोकेसमध्ये गेली, पाहुण्यांसमोर निघाली, संपल्यावर तिच्यात मनीप्लांट लागला. आत काय होते, हे फारसे कुणी विचारले नाही. आता पैसे जरा जास्त झाले तसे नवे सोवळे आले आहे. सिंगल माल्ट तेवढी कुलीन आणि ब्लेंड म्हणजे भेसळ, असे हे सोवळे. माझे म्हणणे नेमके उलट आहे. किंमत बाजूला ठेवून चाखायला शिकायचे असेल तर टीचर्स, ब्लॅक अँड व्हाइट, व्हॅट ६९ अशा आवाक्यातल्या ब्लेंडइतका चांगला गुरू नाही.

ब्लेंड म्हणजे माल्टमध्ये पाणचट मद्य घालून केलेली वाढ, हा पहिला आक्षेप. तो जुना आहे, इतका की त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. गहू किंवा मक्यापासून उंच स्तंभासारख्या भट्टीत सलग निघणारी ग्रेन व्हिस्की एनियस कॉफी यांच्या १८३०च्या पेटंटनंतर रुळली. १८६०च्या कायद्याने ती आणि सातूपासून तांब्याच्या भट्टीत काढलेली माल्ट करमुक्त गोदामातच एकत्र करायला मुभा दिली, आणि एडिनबरोच्या अँड्र्यू अशरसारख्या व्यापाऱ्यांनी ब्लेंडचा धंदा उभा केला. १९०५-०६मध्ये लंडनच्या इझलिंग्टन भागात अशी सरमिसळ व्हिस्की म्हणून विकणारे दोषीही ठरले होते. शेवटी रॉयल कमिशन बसले आणि १९०९मध्ये निर्वाळा आला की ग्रेन हीदेखील व्हिस्कीच. आजचा कायदा ग्रेनलाही ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे घालवायला लावतो. ज्या देशात उसाच्या मळीच्या अर्काला व्हिस्की म्हणतात, त्या देशाने मक्याच्या व्हिस्कीला नावे ठेवावीत हे जरा जास्तच झाले. फोडणीत तेलाचे जे काम, ते ब्लेंडमध्ये ग्रेनचे. स्वतः फार न बोलता ती बाकीच्यांना बोलके करते.

स्वस्त ब्लेंड करणे महाग व्हिस्कीपेक्षा अवघड का, हे रिचर्ड पॅटरसन यांच्याकडे पाहिले की कळते. ग्लासगोचे हे गृहस्थ १९७०पासून अर्धशतक व्हाइट अँड मॅके कंपनीत होते. ‘द नोज’ हे त्यांचे टोपणनाव. त्यांच्या नाकाचा विमाही उतरवला होता. नाटकीपणा भरपूर. ग्लास विसळलेली पहिली व्हिस्की ते बिनदिक्कत जमिनीवर फेकतात. २००७मध्ये ही कंपनी विजय मल्ल्या यांच्या युनायटेड स्पिरिट्सने घेतली होती (२०१४मध्ये ती विकावी लागली), त्यामुळे २०११मध्ये अंटार्क्टिकातून निघालेल्या तीन बाटल्या मल्ल्यांच्या खासगी विमानाने स्कॉटलंडला पोहोचल्या. ध्रुवसंशोधक शॅकलटनच्या १९०७च्या मोहिमेने झोपडीखाली सोडलेली, बर्फात शंभर वर्षे पडून राहिलेली ही मॅकिन्लेज व्हिस्की. बुचातून सुई घालून नमुने काढले. त्या काळची व्हिस्की म्हणजे धुरकट, दांडगी, अशी समजूत होती. ही निघाली हलकी आणि नाजूक. मग पॅटरसन यांनी आज हाताशी असलेल्या माल्टमधून तीच चव पुन्हा उभी केली. थक्क व्हायला होते. पण असेच काम स्वस्त ब्लेंडवाले दरसाल करतात, फक्त त्याची बातमी होत नाही. एखादी डिस्टिलरी बंद पडते, पिंपे बदलतात, तरी बाटली कालच्यासारखीच लागली पाहिजे, आणि तीही तेवढ्याच पैशात.

चाखायचे कसे, यात मंत्र-तंत्र नाही. तोंडाशी निमुळता होणारा छोटा ग्लास घ्यावा, वाइनचा असला तरी चालेल. रुंद तोंडाच्या ग्लासातून वास उडून जातो. तीस मिलिलिटर ओतावी. नाक आत खुपसू नये, ओठ किंचित उघडे ठेवून कडेवरून वास घ्यावा. मग पाणी. ‘खरा दर्दी पाणी घालत नाही’ ही बढाई शुद्ध अडाणीपणाची आहे. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी २०१७मध्ये संगणकी प्रतिरूपांतून दाखवले, की मद्यार्क कमी केला की धुराचा वास देणारे ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकते, म्हणजे नाकाकडेच. व्यावसायिक ब्लेंडर तर नमुना साधारण वीस टक्क्यांपर्यंत पातळ करूनच हुंगतात. आपल्याकडे भरलेल्या स्कॉचवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेले असते. त्यात तेवढेच पाणी घातले की २१.४. थोडक्यात, ‘आधं-आधं’ करणारे आपले काका ब्लेंडरच्याच रीतीने जात होते. चुकले ते बर्फापाशी, कारण थंडीने वास गोठतो.

एवढे केल्यावर टीचर्ससारख्या ब्लेंडमध्ये काय सापडते? टीचर कुटुंबाने १८९८मध्ये बांधलेल्या आर्डमोर डिस्टिलरीचा धूर तिच्या मुळाशी आहे. सातू वाळवताना खाली जाळलेल्या पीटचा, म्हणजे दलदलीतल्या मातीच्या इंधनाचा, तो धूर, विझत आलेल्या चुलीवर पाणी शिंपडल्यासारखा. त्याच्या आड भाजलेल्या सातूच्या पिठाचा खरपूस वास. पिंपाच्या लाकडातून येणारा व्हॅनिला, सुक्या खोबऱ्याची चाहूल, शेवटी लवंगेचा चिमटा. केळ्या-सफरचंदासारखा फळाचा वास एस्टर नावाच्या रसायनांचा. रंगावर मात्र विश्वास ठेवू नये. तो जुळवायला कॅरमेल घालण्याची कायद्याने मुभा आहे. हीदर आणि टॉफी हे इंग्रजी चोपड्यांतले शब्द घोकण्यापेक्षा स्वयंपाकघर आठवावे.

आता दुसरा आक्षेप, आणि तो खरा आहे. ही व्हिस्की कोवळी असते, घशाला किंचित लागते, लांब रेंगाळत नाही. कबूल. पण लांबी हा एकच गुण नव्हे, आणि सोडा घालून प्यायचीच ही जात आहे. त्यात पाप नाही. पहिले दोन घोट पाण्याबरोबर नीट घ्यावेत, मग खुशाल सोडा. तिसरा आक्षेप असा, की प्यायला बसल्यावर एवढे नखरे कोण करणार? गंमत बघा, ‘चाखणे’ हे क्रियापद आपल्या भाषेने पेयाला नव्हे, शेजारच्या बशीला दिले. चखणा आपण मन लावून चाखतो आणि ग्लास मात्र ढोसतो. तिखट मसाला शेंगदाण्यांनी जीभ एकदा पेटली की ९० डॉलर आणि १० डॉलर दोन्ही सारखेच. त्यामुळे पहिल्या पेगापुरती बशी दूर सरकवावी, किंवा खारे काजू ठेवावेत.

आणि रात्री रिकामा ग्लास विसळायची घाई नको. मद्यार्क उडून जातो, पण जड, कमी उडणारी द्रव्ये तळाशी चिकटून राहतात. सकाळी चहाच्या आधी त्यात नाक घातले तर राख आणि व्हॅनिला असतात.