गोल ठोसा आणि आमचा पैलवान

आमच्या जिमखान्याच्या मागच्या खोलीत संध्याकाळी सहा ते साडेसात काय चालतं, हे मेसच्या रांगेत उभं राहून आवाज ऐकणाऱ्यांना ठाऊक आहेच. टेबल टेनिसचं मोडकं टेबल भिंतीला लावायचं, दोन जुन्या गाद्या अंथरायच्या आणि पाच-सहा जणांनी आळीपाळीने स्पारिंग करायचं. कुणी बॉक्सिंगवाला, कुणी कराटेवाला, एखादा तायक्वांदोवाला. (रेक्टर सरांसाठी खुलासा : ग्लोव्हज असतात, तोंडात माउथगार्ड असतो आणि त्या खिडकीची काच आम्ही फोडलेली नाही.)

मी कराटेवाला. पाचवीपासून क्लास. कराटेत सरळ ठोसा इतका घोटून घेतात की झोपेत उठवलं तरी हात सरळच जातो. त्यामुळे कुणी हात बाहेरून फिरवून, लांबचा वळसा घेऊन मारायला लागलं की माझं एक वाक्य ठरलेलं असायचं : "गोल मारलास की दार उघडं!" हे मी इतक्या वेळा आणि इतक्या आत्मविश्वासाने म्हटलं आहे की ज्युनियर्सना तो न्यूटनचा चौथा नियम वाटायचा. हा लेख त्या नियमाबद्दल आहे, आणि त्या नियमापायी मी एका मुलाचं जे नुकसान केलं त्याबद्दलही.

मुलगा म्हणजे आमचा पैलवान. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला, सांगलीकडचा, लहानपणापासून तालमीत घुमलेला. मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते कळत नाही. त्याला बॉक्सिंग शिकायचं होतं. त्याचा उजवा हात यायचा तो ऊसतोडीच्या कोयत्यासारखा : आधी मागे, मग वर, मग बाहेरून गोल. पहिल्याच आठवड्यात मी त्याला सरळ ठोशांनी पुरता बेजार केला. त्याचा हात मागे गेला रे गेला की माझी मूठ त्याच्या नाकावर. माझा नियम सिद्ध झाला, असं मला वाटलं.

आता इंजिनिअरिंगची पोरं म्हटल्यावर गणित आलंच. फळ्यावर मांडलेलं गणित असं होतं. समजा माझी मूठ आणि समोरच्याचा जबडा यांत ६० सेंटिमीटर अंतर आहे. सरळ ठोसा ६० सेंटिमीटरच जाणार. तोच हात अर्धवर्तुळात फिरवला तर अंतर पाय भागिले दोन पट, म्हणजे साधारण ९४ सेंटिमीटर. मुठीचा सरासरी वेग सेकंदाला ६ मीटर धरू. सरळ ठोशाला ०.१० सेकंद लागतील, गोल ठोशाला ०.१६. दोघांनी एकाच क्षणी मारलं तर सरळवाला आधी पोचणार. वाद संपला.

पण जरा थांबा. डोळ्यांनी काही दिसल्यावर शरीर हलायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणजे ०.१० काय आणि ०.१६ काय, दोन्ही ठोसे 'बघून' चुकवता येत नाहीत! मग मी पैलवानाचा ठोसा बघून चुकवत होतो तो कसा? उत्तर त्या गोलात नव्हतंच. पैलवान मारायच्या आधी हात मागे ओढायचा. वीस सेंटिमीटर मागे, तिथे क्षणभर मुक्काम, मग परत वीस सेंटिमीटर पुढे, आणि मग खरा ठोसा सुरू. या मागे-पुढे करण्यातच आणखी ०.१० सेकंद सहज जातात. एकूण बेरीज पाव सेकंदाच्या पुढे, म्हणजे माझ्या डोळ्यांच्या टप्प्यात. मी ठोसा बघत नव्हतो, ठोशाची आगाऊ नोटीस वाचत होतो. हे गणित फळ्यावर दोन ओळी खाली होतं. मी मात्र पहिल्या दोन ओळी वाचून फळा पुसला. (सबमिशनच्या आदल्या रात्रीची सवय, दुसरं काय.)

माझ्या बाजूनेही थोडं बोलतो, कारण नियम अगदीच खोटा नव्हता. हात बाहेरून फिरतो तेव्हा कोपर अंगापासून सुटतं आणि छातीपासून हनुवटीपर्यंतचा मधला रस्ता मोकळा होतो. सरळ ठोशात आपलाच खांदा वर येऊन हनुवटी झाकतो, लांबच्या गोल ठोशात तो तसा आपोआप येत नाही. आणि ठोसा हुकला तर खरी गंमत. फिरणाऱ्या वस्तूला थांबवणं किती अवघड ते तिच्या जडत्वाच्या आघूर्णावर ठरतं, आणि ते त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. सगळं वजन मुठीत आहे असं धरलं, तर कोपर वाकवून ३० सेंटिमीटरवर फिरवलेल्या मुठीपेक्षा हात लांब करून ६० सेंटिमीटरवर फिरवलेली मूठ थांबवणं चौपट अवघड. म्हणून जवळून मारलेला आखूड हुक चुकला तरी माणूस जागेवर राहतो, आणि लांबून फिरवलेला हात चुकला की तो स्वतःभोवती फिरून पाठ दाखवतो. पैलवान एकदा असा फिरला की थेट टेबल टेनिसच्या टेबलाला नमस्कार करून आला.

तर, मी त्याला 'सुधारायला' घेतलं. बॉक्सिंगचे कोच आठवड्यातून दोनदाच यायचे, बाकीचे दिवस मीच मास्तर. तीन महिने रोज शंभर-शंभर सरळ ठोसे. गोल मारला की दहा जोर. पोरगं गुणी, एका शब्दाने उलट बोललं नाही. हात खरंच सरळ झाला, बघायलाही छान दिसायला लागला. मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आली.

समोर आला तो पैलवानापेक्षा चांगला वीतभर उंच मुलगा. त्याचे हातही तसेच लांब. पैलवान माझ्या शिकवणुकीप्रमाणे सरळ उभा राहून सरळ मारत होता, आणि प्रत्येक वेळी चार बोटं कमी पडत होता. समोरच्याचा डावा हात मात्र दरवेळी पोचत होता. दोन राऊंड हे चाललं. मी रिंगबाहेरून "सरळ! सरळ!" म्हणून घसा फोडत होतो. तिसऱ्या राऊंडमध्ये शेवटची काही सेकंदं राहिली असताना पैलवान वैतागला, डोकं खाली घातलं आणि तो जुना कोयता फिरवला. तो समोरच्याच्या डाव्या हातावरून जाऊन थेट कानशिलावर बसला. रेफरीने आठपर्यंत आकडे मोजले. पण घंटा झाली, आणि गुणांवर आम्ही हरलो.

परतीच्या एसटीत बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "दादा, तुम्ही माझा हात सरळ केलासा. पण लांब कुठं केलासा?"

मला उत्तर सुचलं नाही. रागाने बोलला असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी जुन्या लढती बघायला बसलो. अभ्यास सोडून हेच करत होतो, हे सुजाण वाचकांनी घरी सांगू नये. सगळ्यात जास्त शिकवलं ते जॉर्ज फोरमनने. हा माणूस रुंद, फिरवलेले, झाडं तोडल्यासारखे ठोसे मारायचा. २२ जानेवारी १९७३ला जमैकातल्या किंग्स्टनमध्ये त्याने जो फ्रेझरला दोन राऊंडमध्ये सहा वेळा खाली पाडलं. फ्रेझर म्हणजे ज्याने १९७१मध्ये मोहम्मद अलीला हरवलं तो. आणि ३० ऑक्टोबर १९७४ला झाईरमधल्या किन्शासात तेच हात, तेच ठोसे घेऊन फोरमन अलीपुढे उभा राहिला आणि आठव्या राऊंडला आडवा झाला.

ठोसा तोच, मग वर्षा-दोन वर्षांत काय बदललं? समोरचा माणूस, आणि अंतर. फ्रेझर वाकून, डोलत पुढे यायचा. तो आत घुसायला लागला की फोरमन त्याला दोन्ही हातांनी ढकलून बरोबर आपल्या ठोशाच्या टप्प्यात उभा करायचा. लढत परत बघताना त्या ढकलण्याकडे लक्ष द्या, सगळी करामत तिथे आहे. अलीने पहिल्या राऊंडपासूनच अधूनमधून उजव्या हाताचे सरळ ठोसे लगावले, फोरमनच्या फिरणाऱ्या हातांच्या मधल्या मोकळ्या रस्त्याने. नंतर दोरांवर रेलून त्याने कोपरं आणि ग्लोव्हज यांच्या आड स्वतःला मिटून घेतलं, आणि फोरमनला त्या झाकलेल्या दारावर हात दमेपर्यंत मारू दिलं. रुंद ठोसा महागाचा असतो. तो चुकला किंवा नुसता हातावर बसला तरी मारणाऱ्याची शक्ती खर्च होतेच, आणि किन्शासाच्या उकाड्यात ते बिल आठव्या राऊंडला आलं.

दुसरं उदाहरण माझ्या नियमाच्या थेट मुळावर येणारं. १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये मॅक्स श्मेलिंगने जो लुईला बाराव्या राऊंडमध्ये बाद केलं. लुई तोवर एकही व्यावसायिक लढत हरला नव्हता. लुईचा डावा जॅब म्हणजे सरळ ठोशाचा आदर्श नमुना. पण श्मेलिंगने त्याच्या लढतींच्या फिल्म्स बघून हेरलं होतं की जॅब मारून झाल्यावर लुईचा डावा हात परत येताना खाली पडतो. त्या खाली पडलेल्या हातावरून श्मेलिंगचा उजवा पुन्हा पुन्हा बसला. ठोसा अगदी सरळ, तरी दार उघडं! (लुईने १९३८मध्ये पहिल्याच राऊंडला परतफेड केली, तो भाग वेगळा.)

आणि आखूड हातांच्या पैलवानासाठी रॉकी मार्सियानो होताच. जड वजनगटात त्याचे हात फारच तोकडे. तो खाली वाकून, समोरच्याच्या हाताच्या वरून गोल उजवा टाकायचा. ४९ लढती, ४९ विजय, आणि १९५६मध्ये निवृत्त. त्याला कुणी तीन महिने जोर मारायला लावले नाहीत हे त्याचं नशीब.

कोचना हे सगळं सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "अरे, तो गोल मारतो म्हणून मार खात नव्हता, सांगून मारतो म्हणून खात होता."

मग आम्ही पैलवानाचा गोल ठोसा परत काढला आणि नुसता गोल सोडून बाकी सगळं दुरुस्त केलं. हात आहे तिथूनच निघाला पाहिजे, गालापासून. कोपर मागे जाता कामा नये. दुसरा हात गालाला चिकटलेला. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे डोकं. ठोसा मारताना डोकं मधल्या रेषेवर ठेवलं तर समोरच्याचा सरळ ठोसा तिथे येणारच. ते बाहेरच्या बाजूला आणि थोडं खाली गेलं पाहिजे, म्हणजे मधला रस्ता मोकळा असला तरी त्या रस्त्यावर आपण नसतो. स्पर्धेत वैतागून त्याने नेमकं हेच केलं होतं, मी न शिकवता.

शिवाय वेळ. थंड डोक्याने उभ्या असलेल्या माणसावर लांबून पहिलाच ठोसा गोल टाकणं म्हणजे सरांना सांगून लेक्चर बंक करणं. पण आधी डाव्या हाताचा एक जॅब डोळ्यांसमोर नाचवला, किंवा समोरच्याने जॅब टाकला आणि त्याचा हात अजून परत जातोय, अशा वेळी तो ठोसा डोळ्यांच्या कडेने येतो आणि दिसत नाही. दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरून बसलेल्या माणसाला सरळ ठोसा ग्लोव्हवरच बसतो. त्याच्या गार्डला वळसा घालून जायला गोल ठोसाच लागतो.

एक सूचना मात्र गंभीरपणे. गोल ठोसा नीट वळला नाही तर तो करंगळीच्या बाजूच्या हाडांवर बसतो, आणि ती हाडं नाजूक असतात. आमच्यातल्या एकाने पट्टी न बांधता आणि पातळ बॅग ग्लोव्हज घालून असा ठोसा मारला आणि ड्रॉइंगच्या परीक्षेला प्लास्टर घेऊन बसला. पट्टी बांधा, जाड ग्लोव्हज घाला आणि स्पारिंगमध्ये गोल ठोसा निम्म्या जोराने टाका. फिरत्या हाताचा जोर ऐनवेळी कमी करता येत नाही, कारण वर सांगितलंच : त्रिज्येचा वर्ग.

दोन महिन्यांनी पैलवान आणि मी परत समोरासमोर आलो. रूममेटने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं. तीन राऊंडमध्ये त्याचा गोल उजवा माझ्या कानशिलावर चार वेळा बसला, आणि मला त्याचं नाक दोनदाच सापडलं. रात्री मेसमध्ये जेवताना व्हिडिओ बघितला. उघडं दार दिसलं, पण ते माझं होतं. कराटेत एका हाताने मारताना दुसरा हात कमरेशी ओढून घ्यायला शिकवतात, त्याला हिकिते म्हणतात. बारा वर्षांची ती सवय. उजव्याने सरळ ठोसा मारताना माझा डावा हात दरवेळी गालावरून कमरेकडे निघालेला, आणि पैलवानाचा हात बरोबर त्याच रिकाम्या जागेतून येतोय. चारही वेळा! बाजूला बसलेले फर्स्ट इयरवाले तोंडात घास धरून माझ्याकडे बघत होते.

सध्या पुढच्या स्पर्धेची तयारी चालू आहे. पैलवान तिसऱ्या राऊंडला दमला की त्याचं कोपर अजून मागे जातं, आणि मी बाहेरून "कोपर!" म्हणून ओरडतो. परवा आम्ही दोघंच खेळत होतो, मी खेळता खेळता ओरडलो. तो तिथेच थांबला, माउथगार्ड काढला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "दादा, आधी तुमचा डावा बघा की."