नऊ न घेणारा रकाना

नल्लकुंट्याचं सरकारी इस्पितळ हैदराबादेत 'फीव्हर हॉस्पिटल' म्हणूनच ओळखतात. कागदोपत्री ते सर रोनाल्ड रॉस यांच्या नावाचं. डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी दिसला तो इथून जवळच, सिकंदराबादेत. नल्लकुंट्यातल्याच एका छोट्या लॅबसाठी मी नोंदणीचा प्रोग्रॅम लिहिला होता. पहिल्याच सकाळी काउंटरवरच्या काकूंचा फोन आला. काकू माहेरच्या परभणीच्या, त्यामुळे तक्रार मराठीत : "अहो, तुमचा कॉम्प्युटर नऊच घेत नाही हो!"

खरंच घेत नव्हता. तापाच्या रकान्याला मी ९४ ते १०८ फॅरनहाइट अशी मर्यादा घातली होती आणि प्रत्येक कळ दाबली की ती तपासत होतो. ९८.६ लिहायचं तर आधी ९ येणार. ९ हा ९४ पेक्षा कमी, म्हणून रकाना तो लगेच पुसणार. १०१ मधल्या १ चीही तीच गत. नियम चोख होता, फक्त कुणाचाच ताप नोंदवता येत नव्हता.

गैरसमज : प्रत्येक कळ तपासली की चुकीचा आकडा येऊच शकत नाही

लिहून होत असलेला आकडा म्हणजे आकडा नव्हे. '९८.' हा अर्धवट आहे, नुसतं '.' किंवा '-' हेही अर्धवटच, पण त्यांच्यातून गेल्याशिवाय पुढे जाता येत नाही. क्यूटी या साधनसंचात यासाठी 'योग्य' आणि 'अयोग्य' यांच्या जोडीला 'मधली अवस्था' अशी तिसरी स्थितीच दिलेली आहे. मर्यादेबाहेरचा, पण वाढून मर्यादेत येऊ शकेल असा मजकूर तिथे राहू दिला जातो. दुरुस्तीचंही तेच. ९.८६ पडलंय आणि ९८.६ करायचंय, तर माणूस आधी नवं टिंब देईल आणि मग जुनं पुसेल, किंवा उलट. 'एकच टिंब' असा पहारा कळीगणिक बसवला, तर पहिला रस्ता बंद.

शिवाय कळांवरचा पहारा पुरतही नाही. माउसने पेस्ट केलं, ओढून आणून टाकलं, बोलून लिहिलं, तर कळ दाबली जातच नाही. जावाच्या स्विंगमध्ये म्हणूनच कळांवर कान ठेवण्याऐवजी डॉक्युमेंट फिल्टर लावतात. मजकूर कुठल्याही वाटेने आला तरी त्याला तिथूनच जावं लागतं. तिथे फक्त उघड कचरा अडवावा. मर्यादा तपासायची ती माणूस रकाना सोडतो तेव्हा, आणि तेव्हाही लिहिलेलं पुसायचं नाही. लाल कडा आणि शेजारी एक सरळ वाक्य पुरे : 'ताप ९४ ते १०८ च्या दरम्यान हवा.'

गैरसमज : भाषेचं तयार फंक्शन आकडा ओळखतं, मग आपण कशाला डोकं लावा?

जावाच्या पार्स डबलला '९८.६एफ' द्या (अंक अर्थातच इंग्रजी). काकूंनी तसंच दिलं होतं, फॅरनहाइटचा एफ म्हणून. ते निमूट घेतलं गेलं, कारण जावात शेवटचा एफ म्हणजे फ्लोट. पुढे '३७सी' मात्र नाकारलं गेलं, आणि हा दुजाभाव का, हे काकूंना समजावताना माझी पुरेवाट झाली. हेच फंक्शन '१ई५' म्हणजे एक लाख मानतं. 'नॅन', म्हणजे 'संख्या नव्हे' हा शब्दसुद्धा त्याला चालतो, आणि नॅन कशाहूनही लहान किंवा मोठा नसतो. 'कमी असेल किंवा जास्त असेल तर नाकार' अशी अट लिहिली असेल, तर नॅन तिच्या खालून निघून जातो.

याहून घातक म्हणजे स्वल्पविराम. कीबोर्डवर तो टिंबाला चिकटून आहे. मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन १.२ लिहिताना बोट घसरून १,२ झालं तर? भारतीय किंवा अमेरिकी मांडणीत स्वल्पविराम हा हजार-लाख वेगळे करायला असतो. जावाचं नंबर फॉरमॅट तो बाजूला सारून सरळ १२ वाचतं, आणि डॉटनेटचं नेहमीचं पार्सिंगही तसंच. १.२ वाला पेशंट घरी जातो, १२ वाल्याला डॉक्टर डायलिसिसला धाडू बघतील. जर्मनीत हाच स्वल्पविराम दशांशचिन्ह असतो, तिथे १,२ बरोबर. त्यामुळे कुठल्या देशाची मांडणी आपण वाचतोय हे प्रोग्रॅममध्ये स्पष्ट लिहावं, आणि सुट्या आकड्याच्या रकान्यात गटांचे स्वल्पविराम बंदच करावेत.

गैरसमज : वेबपानावर 'नंबर' प्रकार दिला की झालं

या प्रकाराची पायरी, म्हणजे 'स्टेप', मुळात १ ची असते. ९८.६ भरून फॉर्म पाठवला की ब्राउझर अडवतो. क्रोम तर जवळचे योग्य आकडे म्हणून ९८ आणि ९९ सुचवतो. स्टेप ०.१ किंवा 'एनी' लिहावं लागतं. आकडा नसलेला मजकूर टाकला तर व्हॅल्यू रिकामी मिळते. रकाना रिकामा होता की कचऱ्याने भरलेला, हे त्यावरून कळत नाही, त्यासाठी वेगळी खूण तपासावी लागते.

गैरसमज : अंक म्हणजे अंक, त्याला कसली आलीय भाषा!

हा गैरसमज आपल्या मुळावर येतो. भाषांच्या मांडणीचे जागतिक संकेत ज्या सीएलडीआर कोशात आहेत, त्यात हिंदी आणि तेलुगूचे ठरलेले अंक इंग्रजी आहेत. मराठीचे मात्र देवनागरी. म्हणजे फोनची भाषा मराठी असेल आणि प्रोग्रॅमरने भाषा न सांगता आकडा छापला, तर रकान्यात ९८.६ उमटतं, अगदी या पानावर छापलंय तसं. पुढच्या क्षणी तोच प्रोग्रॅम तो आकडा परत वाचायला जातो आणि पार्स डबल कोसळतं, कारण त्याला इंग्रजी अंकच कळतात. स्वतःच लिहिलेलं स्वतःला वाचता येत नाही. गंमत म्हणजे पायथनचं फ्लोट हेच देवनागरी ९८.६ बिनतक्रार वाचतं आणि जावाचं पार्स इंट देवनागरी ९८ वाचतं. अडतं ते पार्स डबलपाशीच.

हैदराबादेत ॲप तपासतात ते बहुधा इंग्रजी, तेलुगू, फार तर हिंदीत. तिन्हींत हा दोष दिसणारच नाही. काकूंच्या मराठी फोनवर मात्र तो पहिल्या मिनिटाला दिसला. साठवायचा आणि परत वाचायचा आकडा तटस्थ मांडणीत लिहावा, मराठी अंक फक्त दाखवण्यापुरते ठेवावेत, आणि कुणी मराठी अंकांत भरलंच तर वाचण्याआधी ते बदलून घ्यावेत. दहा अंकांची अदलाबदल, दोन-चार ओळींचं काम. तुम्ही ॲप लिहीत असाल, तर आज फोनची भाषा मराठी करा आणि आपल्याच रकान्यात ९८.६ भरून बघा.