शेक की बर्फ? नियम जुना, उत्तर काहीसे बदललेले

बंगळुरूच्या बसवनगुडी भागात ब्यूगल रॉक उद्यानात फेरफटका मारणारे ज्येष्ठ नागरिक आणि नॅशनल महाविद्यालयाच्या मैदानावर खेळणारी मुले, या दोघांनाही कधी ना कधी एकच प्रश्न पडतो: दुखऱ्या जागी शेक द्यावा की बर्फ लावावा? ताज्या दुखापतीला बर्फ आणि जुन्या दुखण्याला शेक, हा रूढ नियम ढोबळमानाने योग्य आहे. मात्र त्यातील बर्फाचे स्थान आता पूर्वीइतके भक्कम राहिलेले नाही.

पाय मुरगळल्यावर थंडाव्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, मज्जातंतूंमधील संदेशवहन मंदावते व ठणका कमी होतो. अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये विश्रांती, बर्फ, दाब आणि दुखरा अवयव उंचावर ठेवणे ही चतुःसूत्री मांडली. ती जगभर रूढ झाली. २०१४ मध्ये मात्र खुद्द मर्किन यांनीच, बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे दुखापत बरी होण्यास विलंब लागू शकतो, असे म्हटले. दाह हा शरीराच्या दुरुस्तीचाच एक भाग आहे, हे त्यामागील कारण. त्यामुळे बर्फाकडे वेदना शमवणारा तात्पुरता उपाय म्हणूनच पाहणे सयुक्तिक ठरेल. तोही कापडात गुंडाळून, एका वेळी दहा ते पंधरा मिनिटेच लावावा.

शेकाने रक्ताभिसरण वाढते आणि आखडलेले स्नायू सैल होतात. गुडघ्याच्या जुनाट संधिवातात व्यायामापूर्वी शेक घेतल्यास हालचाल सुकर होते. कंबरदुखी मात्र रूढ नियमाला अपवाद आहे. 'अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स' या संस्थेच्या २०१७ मधील मार्गदर्शक सूचनांमध्ये नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीवरही औषधांआधी शेक सुचवण्यात आला आहे. म्हणजे घरोघरी वापरली जाणारी गरम पाण्याची रबरी पिशवी येथे शास्त्रसंमतच म्हणावी लागेल.

बामचा थंडावा हा प्रकार निराळा. त्वचेतील थंडी ओळखणारे ग्राहक मेन्थॉलनेही उद्दीपित होतात. तापमान फारसे न बदलताच मेंदूला गारवा जाणवतो. तापमानाच्या अशा ग्राहकांचा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बाम चोळून त्यावर गरम पिशवी ठेवणे मात्र टाळावे. त्वचा भाजू शकते.

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना चटका बसल्याचे कळतच नाही. त्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना शेक किंवा बर्फ वापरू नये. दुखापतीनंतर पायावर भार देता येत नसल्यास दोन्ही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे.