जपानमधली स्वस्त सेकंड-हँड गाडी पेणला आणता येते का? नियम, हिशोब आणि फोनवरून तपासणी

मी मूळचा रोह्याचा, कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. गावाकडच्या ग्रुपवर दर महिन्याला एक रील फिरतंच: जपानमध्ये चकाचक गाडी तीन-चार लाखांत, दुबईत एसयूव्ही मातीमोल भावाने. आपल्या रायगडातली बरीच मुलं आखातात नोकरीला आहेत, त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेला: "भावा, तिकडून गाडी पाठवता येते का? पेण आरटीओला पासिंग होईल ना?"

थोडक्यात उत्तर असं: कायद्याने येते, पण स्वस्तात येत नाही. आणि कोणी स्वस्तात देत असेल तर आधी कागद तपासायचे. कसे, ते सविस्तर पाहूया.

कायदा काय म्हणतो?

परदेशातली वापरलेली गाडी भारतात आणायच्या अटी परकीय व्यापार धोरणात दिलेल्या आहेत. मुख्य अटी या:

१. गाडी तयार झाल्यापासून ३ वर्षांपेक्षा जुनी नको.
२. स्टीअरिंग उजव्या बाजूला हवं.
३. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा.
४. हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा.
५. गाडी आल्यानंतर किमान ५ वर्षं रस्त्यावर चालण्यायोग्य असावी आणि तेवढा काळ इथे सर्व्हिसची सोय असावी.
६. गाडी फक्त मुंबई बंदरातूनच यायला हवी.

यावर मोटार वाहन कायदा १९८८ आणि त्याखालचे नियमही लागू होतात. पाठवण्याआधी परदेशातल्या टेस्टिंग एजन्सीचं सर्टिफिकेट लागतं. इथे आल्यावर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून पुन्हा तपासणी होते.

आता या अटी देशांना लावून बघा. दुबईतल्या गाड्यांचं स्टीअरिंग डावीकडे, म्हणजे अट २ मध्येच बाद. इंग्लंडमध्ये स्टीअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे, पण स्पीडोमीटर मैलांचा, म्हणजे तो बदलल्याशिवाय अट ३ अडवते.

जपान दोन्हीत पास होतो, पण तिथे वयाची अडचण आहे. जपानमध्ये 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या गाडीला पहिली ३ वर्षांनी, मग दर २ वर्षांनी. ती महाग पडते, म्हणून बरेच लोक तपासणीची तारीख जवळ आली की गाडी विकून टाकतात. म्हणजे जपानी गाडी खरी स्वस्त होते तीच मुळी ३ वर्षांनंतर, आणि तेव्हा भारताचा दरवाजा बंद झालेला असतो. रीलमधल्या त्या चार लाखांच्या गाड्या बहुतेक याच वयाच्या पुढच्या असतात.

हिशोब करून बघू

समजा सगळ्या अटींत बसणारी, जेमतेम दोन वर्षं जुनी गाडी मिळाली. किंमत, जहाजभाडं आणि विमा धरून १० लाख रुपये.

• कस्टम ड्युटी: वापरलेल्या गाडीवर आधी १२५ टक्के ड्युटी आणि त्यावर सरचार्ज होता. २०२५ च्या बजेटमध्ये ७० टक्के ड्युटी आणि ६७.५ टक्के कृषी सेस अशी नवी विभागणी झाली. बेरीज तीच, १३७.५ टक्के. म्हणजे १३.७५ लाख. गाडी आता २३.७५ लाखांची.
• जीएसटी: २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना ४० टक्के. म्हणजे आणखी ९.५ लाख. एकूण ३३.२५ लाख. (छोट्या गाडीला १८ टक्के लागतो, तेव्हा बेरीज २८ लाखांच्या आसपास जाते.)
• महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर: इम्पोर्टेड गाडीला २० टक्के. मोठ्या गाडीचे साधारण साडेसहा लाखांहून जास्त.

दहा लाखांची गाडी पेणमध्ये एमएच-०६ ची पाटी लावेपर्यंत चाळीस लाखांच्या घरात गेली! टेस्टिंग आणि एजंटचा खर्च यात धरलेलाच नाही. तेवढ्या पैशांत इथल्या शोरूममधून वॉरंटीसकट चांगली मोठी नवी गाडी येते.

मग काही जण 'इम्पोर्टेड' गाडी अर्ध्या भावात कशी विकतात?

इथेच खरी मेख आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने 'ऑपरेशन नुमखोर' नावाने छापे टाकले. कस्टम्सचं म्हणणं असं की भूतानमधून महागड्या जुन्या गाड्या ड्युटी न भरता भारतात आणल्या, लष्कर आणि दूतावासांच्या नावाची बनावट कागदपत्रं करून इथे नोंदवल्या आणि मग विकल्या. अनेक गाड्या जप्त झाल्या.

आपल्यासाठी मुद्दा हा की ड्युटी चुकवलेली गाडी कस्टम्स कायदा १९६२ खाली जप्त होऊ शकते, मग ती तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे का असेना. चोरटी आयात केली दुसऱ्याने, गाडी जाते तुमच्या अंगणातून. म्हणून "आरसी बुक आहे, काळजी नको" एवढ्यावर भागत नाही. आरसी खरी असली तरी ती ज्या कागदांवर निघाली ते खोटे असू शकतात.

फोनवरून काय तपासाल?

१. एम-परिवहन अ‍ॅपमध्ये नंबर टाका. उत्पादनाचं वर्ष आणि पहिल्या नोंदणीची तारीख यांत मोठं अंतर दिसलं तर कारण विचारा. आधी दुसऱ्या राज्यात नोंद असेल तर तिथली एनओसी मागा.

२. चॅसिस नंबर गाडीवर स्वतः वाचा आणि आरसीशी जुळवा. आंतरराष्ट्रीय पद्धतीत हा नंबर १७ अक्षरांचा असतो. एम-ए ते एम-ई ने सुरू झाला तर भारताचा कोड, जे म्हणजे जपान, डब्ल्यू म्हणजे जर्मनी, एस-ए ते एस-एम म्हणजे ब्रिटन. जपानच्या घरगुती बाजारातल्या गाड्यांना तर १७ अक्षरी नंबरच नसतो, मधे आडवी रेघ असलेला छोटा फ्रेम नंबर असतो. परदेशी कोड दिसला म्हणून लगेच घोटाळा समजू नका. पण मग पुढचा कागद हवाच.

३. तो कागद म्हणजे 'बिल ऑफ एन्ट्री'. आयात गाडीची पहिली नोंदणी कस्टम्सच्या मंजुरीच्या कागदाशिवाय होत नाही. विकणाऱ्याकडून त्याचा नंबर, तारीख आणि बंदर घ्या आणि कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर टाकून बघा. तिथे नोंद सापडत नसेल, किंवा वापरलेल्या गाडीसाठी मुंबई सोडून भलतंच बंदर लिहिलेलं असेल, तर टोकनसुद्धा देऊ नका.

'न्हावा-शेवाला अडकलेली गाडी, फक्त २ लाख'

हा मेसेज आपल्याकडे जास्त चालतो, कारण न्हावा-शेवा बंदर उरणला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. नाव ओळखीचं म्हणून विश्वास बसतो. पण कस्टम्सने जप्त केलेल्या मालाचा लिलाव एमएसटीसीसारख्या सरकारी ई-लिलाव पोर्टलवर होतो. तिथे रजिस्ट्रेशन करून, अनामत भरून बोली लावायची असते. कुठलाही साहेब व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड पाठवून गाडी विकत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितके ते परत मिळणं कठीण.

रोह्यात किंवा पेणमध्ये लाख-दोन लाख जमवायला घरच्यांची वर्षं जातात. त्यामुळे गाडी बघायला जाल तेव्हा आधी बोनेट उघडून चॅसिस नंबर शोधा, म्युझिक सिस्टीम नंतर वाजवा. आणि विकणारा नंबरचा फोटो काढू देत नसेल, तर तिथूनच परत फिरा.